ट्रेलर कुठे सोडायचा

या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यावर आम्ही दोघांनी नेवाडातील ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात आमचा ट्रेलर, म्हणजे ट्रकमागे ओढत न्यायचे चाकांवरचे छोटे घर, उभा केला आणि आठवड्याभराने तोच ट्रेलर कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीत नेऊन ठेवला. पहिल्या मुक्कामाची जागा समुद्रसपाटीपासून ७,३०० फूट उंच होती, तर दुसरी समुद्रसपाटीच्या १९६ फूट खाली. एकाच सहलीत गोठणारे नळ आणि तापलेले टायर या दोहोंची काळजी वाहावी लागली.

सहा वर्षांपूर्वी ट्रेलर घेतला तेव्हा आमची अशी ठाम समजूत होती की आता आपले घर आपल्या मागोमाग कुठेही येईल. विकणाऱ्यानेही ती समजूत मोडू दिली नव्हती. आज मात्र सहलीचा नकाशा पसरला की मी सर्वांत आधी ट्रेलर कुठे न्यायचा नाही त्या जागांवर खुणा करते. उरलेल्या जागांतून मुक्काम निवडायचा, तिथे ट्रेलर ट्रकपासून सोडवायचा आणि पुढचे सगळे पाहणे नुसत्या ट्रकने किंवा पायी करायचे, ही आमची पद्धत आता पक्की झाली आहे. वाळवंटी आणि डोंगरी उद्याने ट्रेलरने पाहायची असतील तर ट्रेलर चालवण्याइतकेच तो योग्य ठिकाणी सोडता येणे महत्त्वाचे आहे, असे माझे मत झाले आहे.

त्याचे पहिले कारण लांबी हे आहे. आमचा ट्रेलर पुढच्या जोडापासून मागच्या बंपरपर्यंत २१ फूट लांब आहे आणि ट्रक १९ फूट, म्हणजे जोडणी मिळून चाळीस फुटांचे धूड. आता उद्यानांतील मर्यादा पाहा. ग्रेट बेसिनमधील व्हीलर पीक या शिखराकडे जाणाऱ्या बारा मैलांच्या घाटरस्त्यावर अप्पर लीमन क्रीक कॅम्पग्राउंडच्या, म्हणजे मुक्कामाच्या तळाच्या, पुढे २४ फुटांहून लांब वाहनांना बंदी आहे. डेथ व्हॅलीत आर्टिस्ट्स ड्राइव्हवर आणि डांटेज व्ह्यूच्या शेवटच्या चढावर ही मर्यादा २५ फुटांची आहे. कॅलिफोर्नियातीलच जोशुआ ट्री उद्यानामधील हिडन व्हॅली आणि व्हाइट टँक या कॅम्पग्राउंडांवर ट्रक आणि ट्रेलर मिळूनच २५ फूट मोजतात. मोंटानातील ग्लेशियर उद्यानात, १९३३ साली खुल्या झालेल्या गोइंग टु द सन रोडच्या मधल्या टप्प्यावर, २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद वाहन चालत नाही.

युटामधील झायन उद्यानाची गोष्ट तर दोन इंचांची आहे. झायन ते माउंट कार्मेल या रस्त्यावरचा १.१ मैलाचा बोगदा १९३० साली पूर्ण झाला, तेव्हाच्या मोटारींच्या मापाने. त्यात आपापल्या मार्गिकेतून सुरक्षितपणे जाण्यासाठी रुंदीची मर्यादा ७ फूट १० इंच आहे आणि बाजारातील बहुतेक ट्रेलर ८ फूट रुंद असतात. अनेक वर्षे अशा वाहनांकडून शुल्क घेऊन, समोरची वाहतूक थांबवून, त्यांना बोगद्याच्या मधोमध सोडत असत. मोठ्या वाहनांसाठी ही सोयही ७ जून २०२६ पासून बंद करण्याचा निर्णय उद्यानाने जाहीर केला आहे. वळसा घालून जाणे आले, पण मला त्यात अन्याय वाटत नाही. वळणावर ट्रेलरची चाके ट्रकच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतल्या बाजूने कोपरा कापत जातात. आतल्या बाजूला कातळ आणि बाहेर दरी असेल तर चालकाकडे तो कोपरा भरून काढायला जागाच उरत नाही. आम्ही दुसऱ्या वर्षी डेथ व्हॅलीतील वाइल्डरोजच्या रस्त्यावर मर्यादेची पाटी वाचून न वाचल्यासारखी केली आणि दीड मैलावर आपणच घाबरून थांबलो. तिथून मागे येण्यासाठी लागलेला पाऊण तास आमच्या सहजीवनातला सर्वांत शांत पाऊण तास होता, कारण एकमेकांशी बोलण्याची सोय उरली नव्हती. मागे घेताना ट्रेलर डावीकडे न्यायचा तर सुकाणू उजवीकडे फिरवावे लागते. हे समजायला दोन मिनिटे लागतात आणि हाताला वळण पडायला दोन वर्षे.

दुसरे कारण वजन, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण नवखी माणसे लांबीला घाबरतात आणि वजनाकडे दुर्लक्ष करतात. ट्रकच्या जाहिरातीत तो किती पौंड ओढू शकतो याचा मोठा आकडा दिलेला असतो. आमच्या ट्रकचा तो आकडा ट्रेलरच्या वजनाच्या जवळजवळ दीडपट आहे, त्यामुळे पहिले वर्षभर आम्ही निर्धास्त होतो. खरा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या छोट्या पट्टीवर असतो: ट्रकच्या अंगावर एकूण किती भार चालेल. आमच्या पट्टीवर १,४२० पौंड लिहिले आहे. भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर ४,९०० पौंड भरला आणि त्यापैकी ६४० पौंड ट्रकच्या मागच्या जोडावर, म्हणजे हिचवर, दाबून बसतात. हा भार ट्रेलरच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावा लागतो. तो कमी पडला, म्हणजे सामान मागच्या बाजूला जास्त झाले, तर ट्रेलर वेगात डावीकडे उजवीकडे झुलू लागतो आणि ते झुलणे वाढत जाऊन ट्रकलाही आपल्याबरोबर घेते. बैलगाडी मागे जड झाली की उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उठते, तोच हा प्रकार. फरक इतकाच की बैलगाडी उलाळ झाल्याचे निघण्यापूर्वीच दिसते, ट्रेलरचे मात्र साठ मैलांच्या वेगात कळते.

तर १,४२० मधून हिचवरचे ६४० गेले, भार पुढच्या चाकांपर्यंत वाटून देणाऱ्या लोखंडी जोडणीचे नव्वद गेले, आम्हा दोघांचे तीनशे गेले. उरले ३९० पौंड. त्यात जनरेटर, अवजारांची पेटी, खुर्च्या, सायकली आणि पाण्याचे डबे बसवायचे. एक गॅलन पाणी ८.३४ पौंडांचे असते, म्हणजे ट्रेलरची ४० गॅलनची स्वच्छ पाण्याची टाकी भरली की ३३४ पौंड वाढतात, आणि ती टाकी ट्रेलरमध्ये कुठे बसवली आहे त्यावर हिचवरचा भारही बदलतो. आमच्या ट्रेलरची टाकी आसाच्या मागे आहे, त्यामुळे ती भरली की पुढचा भार कमी होतो. म्हणून घाटात टाकी रिकामी ठेवायची आणि मुक्कामाच्या जवळ, जिथे पाणी नक्की मिळते तिथे ती भरून घ्यायची, हा आमचा नियम आहे. वाळवंटात तो पाळणे कठीण जाते आणि तिथे आम्ही सायकली घरी ठेवतो.

ग्रेट बेसिनमध्ये आम्ही लोअर लीमन क्रीकला राहिलो. हे छोटे कॅम्पग्राउंड वर्षभर उघडे असते आणि तिथल्या काही जागांमध्ये एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येते, त्यामुळे ट्रेलर मागे घेण्याचा तमाशा टळतो. वीज, पाणी, सांडपाण्याची जोडणी यांपैकी काहीही नाही. माझ्या मते तीच या जागेची खरी किंमत आहे, कारण त्यामुळे बससारख्या मोठ्या गाड्या तिकडे फिरकत नाहीत. खालचे बेकर हे गाव इतके लहान आहे की लागणारे सगळे सामान आधीच्या मोठ्या गावातून भरून आणणे शहाणपणाचे.

या उंचीवर यंत्रे माणसांच्या आधी दमतात. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्क्यांनी घटते, त्यामुळे सात हजार फुटांवर आमच्या ट्रकचा पाचवा हिस्सा जणू गैरहजर असतो. दुसरा बळी फ्रिजचा. आमचा फ्रिज जुन्या पद्धतीचा, अमोनियाच्या अभिसरणावर चालणारा आहे. त्याला वीज किंवा प्रोपेनची ज्योत कोणतीही चालते, पण तो सपाटीवर उभा असावा लागतो आणि साडेपाच हजार फुटांच्या वर विरळ हवेत त्याची ज्योत विझू शकते. पहिल्या रात्री ती दोनदा विझली. बाहेर रात्री पाणी गोठत होते आणि आत दूध नासण्याची चिंता होती, हा विनोद तेव्हा फारसा आवडला नाही. अखेर दूध आणि भाज्या बर्फपेटीत घालून पेटी ट्रेलरच्या सावलीत ठेवावीशी वाटली, पण उघड्यावर अन्न ठेवणे उद्यानात योग्य नव्हे, म्हणून ती ट्रकमध्ये बंद केली.

स्वयंपाकाचेही गणित बदलते. या उंचीवर पाणी ९२ ते ९३ अंश सेल्सियसलाच उकळते आणि भांडे कितीही वेळ खदखदले तरी त्याहून तापत नाही. डाळ उघड्या पातेल्यात शिजवण्याचा प्रयत्न म्हणजे प्रोपेन जाळण्याचा छंद. प्रेशर कुकर हे ट्रेलरमधले आमचे एकमेव भांडे आहे ज्याच्या वजनाबद्दल कधीही वाद होत नाही.

थंडीत पाण्याचे काय करायचे हा मोठा प्रश्न असतो. ट्रेलरच्या नळ्या बारीक असतात, त्यांचा काही भाग पातळ तळाच्या लगत जातो आणि एखादी नळी गोठून फुटली तर ती फुटल्याचे दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर, पाणी वाहू लागल्यावर कळते. आम्ही या मुक्कामात नळ वापरलेच नाहीत. पाणी डब्यांतून घेतले, डबे रात्री आत ठेवले आणि नळ्या आधीच रिकाम्या केल्या होत्या. बॅटरी हे दुसरे नाजूक प्रकरण. लिथियम बॅटरी शून्य अंश सेल्सियसच्या खाली वीज देऊ शकते, पण त्या तापमानात ती चार्ज केली तर तिचे कायमचे नुकसान होते, म्हणून तिच्यातले नियंत्रक सर्किटच चार्जिंग थांबवते. आमच्या दोन बॅटऱ्या पूर्वी पुढच्या दांड्यावर बाहेर होत्या. सकाळी छतावरच्या सोलर पॅनलवर ऊन आलेले असायचे आणि बॅटऱ्या ते घ्यायला तयार नसायच्या. आता त्या पलंगाखाली आहेत. हीटर प्रोपेनवर चालत असला तरी त्याचा पंखा बॅटरीवर चालतो आणि सुमारे सात अँपिअर खातो. दहा तासांच्या रात्रीत तो निम्मा वेळ चालला तर पस्तीस अँपिअर तास गेले. आमच्याकडे दोनशे आहेत, म्हणून झोप लागते.

थंडीत सगळी दारे खिडक्या घट्ट लावून बसण्याचा मोह होतो, तो टाळावा. दोन माणसांचा श्वास आणि शेगडीच्या ज्योतीतून निघणारी वाफ मिळून सकाळपर्यंत गादीखालची फळी ओली होते. छताची झडप दोन बोटे उघडी ठेवली की थोडी ऊब जाते आणि ओल बरीच कमी होते. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र मात्र झडप उघडी असो वा नसो, चालूच हवे.

ट्रेलर खाली सोडून आम्ही नुसत्या ट्रकने वर गेलो. आठ टक्क्यांचा चढ सलग लागतो आणि बारा मैलांत भोवतालची झाडे, हवा आणि उजेड बदलत जातात. खाली सेजची राखाडी झुडपे, मग पिन्यन आणि ज्युनिपर, मग पिवळी पडलेली अ‍ॅस्पेनची झाडे. रस्ता ९,८८६ फुटांवरच्या कॅम्पग्राउंडपाशी संपतो. १३,०६३ फुटांचे व्हीलर शिखर समोर असते. तिथून ब्रिसलकोन पाइनच्या राईकडे पायवाट जाते. ही झाडे उंच नाहीत, डौलदार तर मुळीच नाहीत. बहुतेक खोड मेलेले, वाऱ्याने घासून गुळगुळीत झालेले, आणि एका कडेने सालीची अरुंद पट्टी जिवंत, तिच्या टोकाला हिरव्या सुयांचा झुपका. या राईतले प्रोमेथ्यूस नावाने ओळखले जाणारे झाड १९६४ साली एका संशोधक विद्यार्थ्याने वन खात्याच्या परवानगीने कापले आणि मोजल्यावर ४,८६२ वलये निघाली. उद्यान १९८६ साली झाले, तोवर त्या झाडाला जाऊन बावीस वर्षे झाली होती. एका झाडासमोर आम्ही बराच वेळ बसलो. खाली ट्रेलरची काय अवस्था असेल हा विचार त्या दिवशी प्रथमच कोणी बोलून दाखवला नाही.

डेथ व्हॅलीकडे जाताना लागणारा, ईली गावापासून टोनोपाहपर्यंतचा हायवे ६ हा सुमारे १६५ मैलांचा पट्टा आहे आणि मध्ये पेट्रोल मिळत नाही. ट्रेलर जोडला की आमचा ट्रक गॅलनला वीस मैलांऐवजी दहा देतो आणि समोरून वारा असला तर आठ. टाकी २६ गॅलनची असल्यामुळे हिशेब जमतो, पण अर्धी टाकी आहे म्हणून निघण्याचा हा रस्ता नव्हे. दर साठ-सत्तर मैलांवर आम्ही थांबतो आणि मी चारही टायरांवर तापमान मोजणारी छोटी बंदूक रोखते. तीन सारखे आणि एक वीस अंशांनी जास्त गरम, असे दिसले तर त्या चाकात हवा कमी आहे किंवा ब्रेक घासतो आहे असे समजावे. ट्रेलरच्या टायरांपैकी अनेकांची वेगमर्यादा, टायरच्या कडेवर वेगळी खूण नसेल तर, ताशी ६५ मैल असते, हे अनेकांना माहीतच नसते. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला कायद्यानेच ५५ मैलांची मर्यादा आहे. मागून येणारे वैतागतात. त्यांना वैतागू द्यावे आणि जागा मिळाली की बाजूला घेऊन पुढे जाऊ द्यावे.

बीटी गावाहून डेलाइट पासच्या ४,३१७ फुटांच्या खिंडीतून डेथ व्हॅलीत उतरताना सगळी परीक्षा ब्रेकची असते. ट्रक खालच्या गिअरमध्ये घालून इंजिनाच्या ओढीने वेग धरायचा आणि ब्रेक सतत दाबून न ठेवता अधूनमधून ठाम दाबून सोडायचा. ट्रेलरचे विजेवर चालणारे ब्रेक किती जोराने लागावेत हे ट्रकमधल्या नियंत्रकावर ठरवता येते आणि ते उतार सुरू होण्यापूर्वी ठरवायचे असते. घाट संपल्यावर मागच्या आसनावरून टकटक असा आवाज आला. लीमन क्रीकला अर्धी पिऊन घट्ट बंद केलेली प्लॅस्टिकची पाण्याची बाटली आतल्या आत चेपत होती. सव्वासात हजार फुटांची विरळ हवा तिच्यात कोंडलेली होती आणि बाहेर आता समुद्रसपाटीखालची दाट हवा होती.

खोऱ्यातील फर्नेस क्रीक कॅम्पग्राउंडला थोड्याच जागांना वीज आणि पाण्याची जोडणी आहे आणि त्या सहा महिने आधी पाहाव्या लागतात. आम्ही शेजारच्या सनसेट कॅम्पग्राउंडमध्ये राहिलो. सावली नाही, झाड नाही, खडी पसरलेले विस्तीर्ण मैदान आहे. ते उन्हाळ्यात बंद असते आणि ते बरेच आहे, कारण याच फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ अंश सेल्सियस, या जगातील सर्वोच्च तापमानाची नोंद झालेली आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस दुपार बत्तीस-तेहतीस अंशांची होती. आकडा निरुपद्रवी वाटतो, पण पातळ भिंतींची पेटी दिवसभर उन्हात उभी असली की आतले तापमान बाहेरच्याहून बरेच वर जाते.

एअर कंडिशनर बॅटरीवर का चालवत नाही, असे मला नेहमी विचारतात. तो सुमारे १,४०० वॅट घेतो. बारा व्होल्टच्या बॅटरीतून त्यासाठी ११७ अँपिअर ओढावे लागतील, वर रूपांतराचा तोटा. आमच्या दोनशे अँपिअर तासांचा दीड तासात फडशा पडेल आणि छतावरचे दोनशे वॅटचे पॅनल तो खड्डा ऑक्टोबरच्या कलत्या उन्हात भरायला तीन दिवस घेईल. जनरेटर ठराविक वेळेतच लावता येतो आणि शेजाऱ्याचा जनरेटर हा मला वाळवंटातला सर्वांत मोठा उपद्रव वाटतो, त्यामुळे आपलाही लावू नये अशी लाज वाटते. उपाय साधे आहेत. ट्रेलर असा उभा करायचा की सर्वांत मोठी खिडकी उत्तरेला येईल, पश्चिमेच्या काचांवर बाहेरून चकाकते पत्रे लावायचे आणि दुपारी आत थांबायचेच नाही.

दुपारी आम्ही डांटेज व्ह्यूला गेलो, ट्रेलर खाली ठेवून. साडेपाच हजार फुटांच्या त्या कड्यावर हवा बरीच गार होती. पायाखाली बॅडवॉटरचे खोरे पसरलेले दिसते, समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली, उत्तर अमेरिकेतील सर्वांत खोल जमीन. आणि समोर ११,०४९ फुटांचे टेलिस्कोप शिखर. मिठाचा पांढरा पट्टा पाहताना २०२३ सालची आठवण निघाली. तिथे वर्षभरात सरासरी दोन इंच पाऊस पडतो. त्या वर्षी २० ऑगस्टला वादळाच्या अवशेषांनी एका दिवसात २.२ इंच ओतला, रस्ते वाहून गेले आणि उद्यान १५ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिले. खाऱ्या खोऱ्यात मात्र पाणी साचले आणि हजारो वर्षांपूर्वी आटलेले लेक मॅनली काही महिने पुन्हा दिसू लागले. वाळवंटातले पाणी दूरच्या डोंगरावर पडते आणि आपल्याकडे निरभ्र आकाशाखालून येते. म्हणून कोरड्या ओढ्याच्या पात्रात, ते कितीही सपाट आणि मोहक दिसले तरी, ट्रेलर उभा करू नये.

पाण्यापेक्षा आम्हाला वारा महागात पडला. तिसऱ्या दिवशी हवा इतकी स्तब्ध होती की ट्रेलरच्या बाजूचे कापडी छत बाहेर काढले आणि त्याखाली बसून चहा घेतला. नंतर फिरायला जाताना ते गुंडाळायला मी विसरले. वीसच मिनिटांत वारा उठला. परत आलो तेव्हा कापड छपरावर उलटे पडले होते आणि एक दांडा कोपरातून वाकला होता. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी शिडी आणली, आम्ही तिघांनी मिळून दांडा सोडवला आणि दोरीने बांधून टाकला. त्यांनी कापडी छत केव्हा काढावे याबद्दल एकही शब्द सुनावला नाही, हे मला जास्त लागले. त्यांच्या ट्रेलरचे छत दोन्ही दिवस गुंडाळलेलेच होते.

सांडपाण्याबद्दल लिहायला कोणाला आवडत नाही, पण जोडणीविना राहताना मुक्काम किती दिवसांचा हे स्वच्छ पाणी संपण्यावर क्वचितच ठरते. ते ठरते भांडी आणि अंघोळीचे पाणी साठवणारी टाकी भरण्यावर. आमची तीस गॅलनची आहे. हे पाणी उद्यानात जमिनीवर सोडता येत नाही आणि वाळवंट तहानलेले आहे हा युक्तिवाद चालत नाही, कारण अन्नाचा वास उंदीर, कायोटी आणि डोमकावळ्यांना बोलावतो. आम्ही ताटे आधी कागदाने पुसून घेतो, अंग भिजवून पाणी बंद करतो, साबण लावून पुन्हा सुरू करतो, आणि पाणी तापेपर्यंत येणारे गार पाणी बादलीत धरतो. अशा रीतीने पाच दिवस निघतात. सहाव्या दिवशी डंप स्टेशनवर, म्हणजे सांडपाणी रिते करण्याच्या जागी, रांग लावायची. तिथे आधी शौचालयाची टाकी मोकळी करायची आणि मग भांड्यांची, म्हणजे नंतरच्या साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. हा क्रम उलटा करणारा मनुष्य एकदाच तो उलटा करतो.

रात्रीचा मात्र दोन्ही ठिकाणी हेवा वाटावा. डेथ व्हॅलीला २०१३ साली आणि ग्रेट बेसिनला २०१६ साली अंधाऱ्या आकाशासाठी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. दोहोंत मला ग्रेट बेसिनचे आकाश अधिक स्वच्छ वाटले, उंचीमुळे असावे. पण तिथे दहा मिनिटांत बोटे बधिर होत होती आणि इथे सदऱ्यावर दोन तास पडून राहता आले. ट्रेलर बनवणाऱ्यांनी बाहेरच्या बाजूला निळ्या दिव्यांच्या माळा बसवण्याचे काय खूळ घेतले आहे ते मला कळत नाही. आमची माळ मी पहिल्याच वर्षी कापली.

शेवटच्या दिवशी पहाटे चारला उठून ट्रेलर जोडला. टाउन पासचा चढ उन्हाआधी ओलांडायचा होता. स्टोव्हपाइप वेल्स समुद्रसपाटीजवळ आहे आणि तिथून सतरा-अठरा मैलांत रस्ता ४,९५६ फुटांवर जातो. इंजिन तापू नये म्हणून एअर कंडिशनर बंद करा असे सांगणाऱ्या पाट्या चढावर लागतात. आम्ही खिडक्या उघडल्या, दुसऱ्या गिअरमध्ये ताशी तीस मैलांनी चढत राहिलो आणि तापमानाचा काटा मध्यापासून दोन रेघा वर जाऊन थांबला. खिंडीत गाडी बाजूला घेतली. मी टायर मोजले, चारही सारखे होते. नवऱ्याने जोडाच्या साखळ्या आणि खिळ पाहिली. समोर पॅनामिंट खोऱ्याकडे जाणारा तितकाच तीव्र उतार होता, म्हणून ब्रेकचा नियंत्रक अर्ध्याने वाढवला, ट्रक खालच्या गिअरमध्ये घातला, आणि दोरीने बांधलेला तो वाकडा दांडा एकदा हलवून पाहिला.